फ्रेंच घड्याळ आणि आमसुलाचं पाणी

घड्याळ सीटवर बसून आलं आणि काका उभे राहून. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत. तिकीट एकाच माणसाचं होतं. त्या जागेवर काकांनी पुठ्ठ्याचं खोकं बसवलं, त्याच्याभोवती चादर गुंडाळली आणि सगळी वाट त्याला धरून उभे राहिले. आमचे हे स्टेशनवर त्यांना म्हणाले, "सीटच्या खाली ठेवायचं होतंत." काका म्हणाले, "खाली धक्के बसतात." वय वर्षं त्र्याहत्तर, पाय सुजून भोपळे झालेले, आणि काळजी धक्क्यांची, ती पण खोक्याच्या. रिक्षा दारात आली तेव्हा मी पायरीवरच होते. त्यांना वाकून नमस्कार करायचा सोडून माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते असं: "या. आणि हे धोंडे कसले आणलेत?"

धोंडेच वाटले मला. रिक्षावाला आणि आमचे हे, दोघे मिळून ते मोठं खोकं उचलत होते आणि दोघांच्या माना लाल झाल्या होत्या.

काका म्हणजे माझे चुलत सासरे, यांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. सोळाव्या वर्षी घरातून मुंबईला गेले. इकडेतिकडे काम करून शेवटी एका बाईंकडे स्वयंपाकाला राहिले ते पंचेचाळीस वर्षं राहिले. लग्न केलं नाही. गावी यायचे ते गणपतीला पाच दिवस आणि शिमग्याला दोन, पाहुण्यासारखे, आणि आम्हीही त्यांना पाहुण्यासारखंच वागवायचो. त्या बाई एकट्या होत्या, श्रीमंत होत्या, आणि बऱ्याच म्हाताऱ्या होऊन गेल्या. मग परदेशातून त्यांचे भाचे आले, घर विकायला काढलं. काकांना विचारलं, तुम्हाला आठवण म्हणून काय हवं? काकांनी दिवाणखान्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं, कारण पंचेचाळीस वर्षं दर रविवारी सकाळी त्याला चावी तेच देत होते. भाचे म्हणाले, न्या, आणि त्याच्या बाजूचे दोन तुकडेही न्या, तो तिघांचा संच आहे, तोडायचा नसतो.

खोकी उघडली तेव्हा शेजारीपाजारी पण जमले. काळ्या संगमरवराचं घड्याळ, देवळाच्या गाभाऱ्यासारखं चौकोनी. समोर पांढरी तबकडी, तिला पितळी कड, खाली ब्राँझचे चार पाय. वर खुंट्यांवर बसवायची एक ब्राँझची बाई, काळपट तपकिरी रंगाची, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली. आणि बाजूला ठेवायला दोन कलश, तेही काळ्या दगडाचे, त्यांना ब्राँझचे कान. मी एक कलश उचलून आत बघितलं तर आत काही नाहीच. पोकळसुद्धा नाही.

"यात पाणी राहत नाही, फूल राहत नाही. मग हे करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. घड्याळाला सोबत," काका म्हणाले.

शेजारच्या वहिनींनी त्या पुस्तकवालीला हात जोडले. "सरस्वती ना ही?"

"नाही हो. फ्रान्समधली बाई आहे. नुसतीच वाचत बसलीय."

नुसतीच वाचत बसलीय! जळ्ळं मेलं नशीब एकेकीचं. मला तर तिला बघून रागच आला. हिच्या घरी भांडी कोण घासतं, असं मी म्हटलंसुद्धा, आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. ते फडक्यानं तिचं पुस्तक पुसत होते.

त्या रात्री जेवताना काकांनी स्पष्टच सांगितलं. "आठ दिवस राहून बघतो. जमलं तर जमलं. नाहीतर मुंबईत एका मित्राच्या खोलीत माझ्यापुरती खाट आहे." आमचे हे म्हणाले, "असं काय काका, घर तुमचंच आहे." काका म्हणाले, "घर माझं आहे रे. पण मला त्याची सवय नाही."

खरं सांगते, लपवत नाही. मला तेव्हा बरंच वाटलं. तीस वर्षं मी या घरात रांधतेय. सासू-सासऱ्यांचं केलं, मुलाचं केलं, तो पुण्याला गेला, आता कुठे दोन माणसांपुरता भात लावायची सवय होत होती. त्यात एक म्हातारा पाहुणा, त्यातून मोठ्या घरात राहिलेला. नाकं मुरडणार, मीठ जास्त म्हणणार. आठ दिवस म्हणजे आठच, मी मनात मोजून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर काका आधीच तिथे. आंघोळ झालेली, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कमरेला माझाच टॉवेल गुंडाळलेला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सुनबाई, तुला अंडं कसं लागतं?"

मला प्रश्नच कळला नाही. "कसं म्हणजे? अंड्यासारखं."

"अर्धं कच्चं, पक्कं, पोळा करून, का फेटून?"

आता हसाल तुम्ही, पण मी तिथे उभी राहिले ती राहिलेच. बावन्न वर्षांची बाई मी. आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं की तुला अमुक कसं लागतं. माहेरी जे ताटात पडेल ते, सासरी जे उरेल ते. मला अंडं कसं लागतं हे मलाच ठाऊक नव्हतं! मी म्हटलं, "तुम्हाला हवं तसं करा." काका म्हणाले, "मला नाही खायचं. तुला खायचंय." मग त्यांनी चार दिवस चार तऱ्हांनी करून घातलं आणि चौथ्या दिवशी आमचा निकाल लागला. फेटून, थोडं दूध घालून, कडा कुरकुरीत न करता. आता कुणी विचारलं तर मी झोपेतही सांगेन.

मग काय, माझी तर चंगळच झाली. मिरकरवाड्यातून मासे आणायला काका स्वतः जायचे. भाव करताना तिथल्या बायकांशी असे काही गोड बोलायचे की त्या बायका वर एखादा बांगडा फुकट टाकायच्या. सुरमईचे कटलेट काय, नारळाच्या दुधातलं कस्टर्ड काय. आणि ताट वाढून मला हाक मारायचे. मी म्हणायचे, "तुम्ही बसा, मी मागाहून बसते." ते म्हणायचे, "गार झालेलं अन्न वाढायची मला सवय नाही. बस." बसायचे मी. आमचे हे एकदा म्हणाले, "माझ्या आईला हे दिसलं असतं तर?" मी म्हटलं, "त्यांनाही बसवलं असतं काकांनी." आठ दिवस कधी संपले ते मी मोजायलाच विसरले.

काका मात्र विसरले नव्हते, कारण त्यांचं घड्याळ चालत नव्हतं.

पहिल्या दिवशीच त्यांनी ते बाहेरच्या खोलीत शोकेसवर मांडलं होतं, टीव्हीच्या बाजूला, दोन बाजूंना दोन कलश. मागचं झाकण उघडून लंबक अडकवला, चावी दिली, दोन्ही भोकांत. एक चावी चालायची, एक ठोके वाजवायची. टिक टिक सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

यांनी म्हटलं, "काका, भिंतीवर घड्याळ आहे की. सेलवालं. कधी बंद पडत नाही."

"ते दिसतं," काका म्हणाले. "ऐकू येत नाही."

मग हळूहळू कळलं. त्या बाईंच्या घरात काकांचा सगळा दिवस त्या ठोक्यांवर चालायचा. सातला पहिला चहा. साडेअकराचा एक ठोका पडला की भाताला आधण. चारला पुन्हा चहा. बाई शेवटी शेवटी कुणाशी बोलायच्या नाहीत, तेव्हाही घड्याळ बोलायचं. काका म्हणाले, "घरात काहीतरी वाजायला हवं ना सुनबाई. नाहीतर माणूस आहे का नाही ते त्याचं त्यालाच कळत नाही." इतकं बोलून कांदा चिरायला लागले.

बाजारातले घड्याळजी आम्ही घरी बोलावले. भिंग लावून त्यांनी आतलं सगळं बघितलं आणि म्हणाले, "मशीन फर्स्ट क्लास आहे. इतकं जपलेलं मशीन मी बघितलेलं नाही." मग कान लावून बसले. "ऐका वहिनी. टिक... टिकटिक... टिक. लंगडतंय ते. याला सपाट जागा लागते. केसभर कलतं झालं तरी थांबतं." आणि आमच्या घरात सपाट काय आहे? चिऱ्याचं जुनं घर, जमीन दाराकडे उतरती, पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम केलेली. शोकेस एका पायानं लंगडा. पुठ्ठ्याच्या घड्या घालून बघितल्या, एक घडी कमी, एक घडी जास्त. कपाटावर ठेवून बघितलं. फ्रीजवर ठेवलं तर फ्रीज सुरू झाला की घड्याळाला हुडहुडी भरायची. तीन महिने घरातले आम्ही तिघं ते धूड इकडून तिकडे हलवत होतो, आणि दर रविवारी काका आंघोळ करून त्याला चावी द्यायचे. बंद घड्याळाला. दिलेली चावी तशीच आत राहायची.

काका बोलायचे कमी झाले. कटलेट व्हायचे, पण मिरकरवाड्यातल्या गमती सांगेनासे झाले. यांनी त्यांना स्कूटरवरून आरे-वारेला नेलं, वरच्या रस्त्यावर उभं करून दोन्ही किनारे दाखवले. काका म्हणाले, "छान आहे." कुणी पाहुण्यांनी म्हणावं तसं. हे घरी येऊन मला सांगत होते. आपल्या गावाला माणूस छान आहे म्हणतो तेव्हा तो निघायच्या तयारीत असतो.

आणि तसंच झालं. श्रावण संपत आला तेव्हा काका म्हणाले, "गणपती झाले की निघतो. मित्राला फोन केलाय."

मी त्यांच्यावर ओरडले. "का? काय कमी पडलं?" काका म्हणाले, "तुझ्याकडून काही कमी नाही गो. मलाच करमत नाही." मी रागाने भांडी आपटत बसले. रागच येतो मला, दुसरं काही यायच्या आधी. पण त्या दिवशी भांडी आपटताना डोळे भरले होते हे मी आता कबूल करते. हा माणूस गेला तर मला पुन्हा कोण विचारणार होतं?

गणपतीच्या आधी पाच दिवस काका चिपळूणला बहिणीकडे गेले, तिचा निरोप घ्यायला. चौथ्या दिवशी यायचे होते. जाताना मला म्हणाले, "घड्याळाला हात लावू नकोस हं. पुसायचं झालं तर सुकं फडकं. पाणी नाही."

पण शोकेसचा कोपरा म्हणजे आमच्या गणपतीची जागा. दरवर्षी मखर तिथेच. घड्याळ हलवायलाच हवं होतं. यांनी आणि मी ते उचललं आणि दुसरी जागा नाही म्हणून स्वयंपाकघरात ओट्यावर, खिडकीच्या बाजूच्या टोकाला नेऊन ठेवलं. ओट्यावर त्याच वेळी माझी पूजेची भांडी घासायला काढलेली होती. समया, निरांजनं, तांब्या, पंचपात्र. गणपती यायच्या आधी घरातलं सगळं पितळ, तांबं लखलखीत झालंच पाहिजे, ही आमच्याकडची रीत. आमसुलं गरम पाण्यात भिजवायची, त्या पाण्यात चुलीची राख घ्यायची आणि नारळाच्या सोडणाच्या चोथ्यानं घासायचं. काळंकुट्ट भांडं सोन्यासारखं होतं. आणि त्या भांड्यांच्या शेजारी ती फ्रान्सवाली बाई, कळकट, तपकिरी, कधी पाणी न लागलेली.

मला तिची दयाच आली. पंचेचाळीस वर्षं सुकं फडकं! पितळाला कुणी सुकं फडकं मारतं का? म्हणून तर बिचारी अशी झाली. पुरुषांना आणि श्रीमंतांना कुठलं कळणार घासणं म्हणजे काय ते. मनात आलं, काका येतील तेव्हा बाई अशी चमकली पाहिजे की त्यांचं पाऊल दारातच थांबेल. निघायचंच असेल तर जाऊ देत, पण आमच्या घरून त्यांची वस्तू मळकी जाणार नाही.

खुंट्यांवरून बाई उचलली आणि मागच्या पायरीवर घेऊन बसले. सोपं नव्हतं. तो तपकिरी थर हट्टी होता. दोन दिवस घासत होते मी. मोरीतल्या दगडावर कपडे घासावेत तशी घासली. पदराच्या चुण्या, बोटं, पुस्तकाची पानं, कानामागे तर काडीला चोथा गुंडाळून घासलं. आणि मग खालून पिवळं लागलं, आणि पिवळं लागल्यावर मला उत्साहच आला. चेहरा साफ झाला तेव्हा दिसलं, बाई चक्क हसत होती! इतके दिवस मला ती आखडू वाटत होती. पुस्तकात काहीतरी गमतीचं वाचून गालात हसत होती बाई. मी तिला म्हटलं, "अगो, मग आधी नाही सांगायचंस?" मग घड्याळाचे पाय, तबकडीची कड, कलशांचे कान, ते ओट्यावरच घासून काढले. सगळं पुसून बाईला परत वर बसवलं. समई आणि ती, दोघी एका कुळातल्या दिसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावन घालायला ओट्याशी गेले आणि कानावर आलं. टिक, टिक, टिक, टिक. एकसारखं. बाईला परत वर बसवताना लंबक हलला असणार, नाहीतर मी कड घासत होते तेव्हा. चावी तर आत भरलेलीच होती. रात्रभर चालू होतं ते! मी तवा तसाच ठेवला आणि ओरडले. हे पंच्यानं तोंड पुसत धावत आले. आम्ही दोघं त्याच्यापुढे उभे राहिलो, आणि घड्याळानं टण्णकन एक ठोका दिला. अर्ध्या तासाचा. मी यांचा हात धरून अक्षरशः नाचले. घावन जळाला.

घड्याळजींना फोन केला. ते आले, आधी ओट्याकडे बघितलं. पेल्यात काठोकाठ पाणी भरून ओट्यावर ठेवलं आणि वाकून बघितलं. "वहिनी, हा ओटा कुणी बसवला?"

"मी," म्हटलं. "म्हणजे गवंड्यानं, पण मी त्याच्या डोक्यावर उभी होते." जुना ओटा उतरता होता, घावनाचं पीठ तव्यावर एका बाजूला पळायचं. वीस वर्षं एका बाजूला जाड, एका बाजूला जाळी. नवा कडाप्पा बसवला तेव्हा मी गवंड्याला तीनदा उखडायला लावला. पाण्याची नळी धरून दोन्ही टोकांची पातळी समोर मोजून घेतली. त्यानं जाताना यांना सांगितलं होतं, असली बाई पुन्हा नको.

"अख्ख्या घरात हीच एक जागा सपाट आहे," घड्याळजी काटे बरोबर वेळेला लावत म्हणाले. आणि मग त्यांची नजर वर गेली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी... ही कुणी घासली?"

"मीच," मी आणखी फुलून म्हटलं.

ते खालीच बसले. मग हळू आवाजात, कुणी आजारी असल्यासारखं सांगायला लागले. तो तपकिरी रंग मळ नव्हता. कारागिरांनी धातू तापवून, औषधं लावून मुद्दाम चढवलेला रंग होता तो. शंभर-सव्वाशे वर्षं जपलेला. या घड्याळांची शान त्यातच असते. आणि काळ्या दगडावर, पायांच्या वर, जिथे जिथे आमसुलाचं पाणी ओघळलं होतं तिथे पांढरट ओघळ उठले होते. मला वाटलं होतं पुसलं की जातील. "जात नाहीत," घड्याळजी म्हणाले. "आंबट दगडाला खातं."

काका अकराच्या सुमाराला यायचे होते.

"तूच सांग त्यांना," हे म्हणाले. "मी मखराचं सामान घेऊन येतो." आणि पळाले! तीस वर्षांचा संसार, आणि ऐन वेळेला मखराचं सामान. घड्याळजीही बरोबर निघाले.

मी एकटी. आधी मला स्वतःची बाजू मांडायला सुचलं: सांगून ठेवायचं होतंत की हा रंग आहे म्हणून. मग आठवलं, सांगितलं होतं. पाणी नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. मग वाटलं, बाईवर रुमाल टाकून ठेवावा. मग वाटलं, जाऊ दे, जे व्हायचं ते होवो. आता तर ते आजच निघतील, गणपतीलाही थांबणार नाहीत. आणि मला बोलता येणार नाही, थांबा म्हणून.

अकराला पाच कमी असताना रिक्षा आली. काकांनी पाय धुतले, बाहेरच्या खोलीत गेले, अर्धवट मखर बघितलं. "घड्याळ?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दारातून हलले नाही. एका दमात सगळं बोलले. हलवलं, घासलं, दोन दिवस घासलं, रंग गेला, दगडाला डाग पडले, मला ठाऊक नव्हतं, नाही, ठाऊक होतं, तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. "आणि ते चालतंय," हे मी शेवटी म्हटलं, अगदी बारीक आवाजात.

काका मला बाजूला करून आत गेले.

ओट्यापुढे जाऊन उभे राहिले. पिवळीधमक बाई, खाली पांढरे ओघळ, बाजूला माझ्या मिसळणाचा डबा आणि मिक्सर. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. तेवढ्यात आत काहीतरी खरखरलं आणि ठोके पडायला लागले. काकांच्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली, मोजायला. अकरा. शेवटच्या ठोक्यानंतर घर गप्प झालं, आणि टिकटिक चालू राहिली.

"आमच्या बाई या रंगावर जीव टाकायच्या," काका म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"किती दिवस घासलंस म्हणालीस?"

"दोन."

"हात बघू."

मी हात पुढे केले. आमसुलानं बोटं जांभळी झालेली, राखेनं भेगा पडलेल्या, एका नखाचा कोपरा तुटलेला. काकांनी ते हात आपल्या हातात घेऊन बघितले. मग म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं मी लोकांची चांदी घासली, पितळ घासलं. सोळाव्या वर्षापासून दुसऱ्यांचंच घासत आलो सुनबाई. माझी म्हणून एक वस्तू, ती कुणी बसून घासावी, माझ्यासाठी... असं कधी झालंच नव्हतं."

मी रडायला लागले. मोठ्यानं, नाक ओढून, लाज सोडून.

"आता रडतेस काय? तिच्याकडे बघ, हसतेय ती." त्यांनी बोटाच्या टोकानं बाईचा गाल पुसला. "मला कधी दिसलंच नाही हे. तिथे ती त्यांच्या घरची दिसायची. आता आपल्या घरची दिसते."

मग बाह्या दुमडल्या, टॉवेल कमरेला गुंडाळला आणि भाताला आधण ठेवलं. तांदूळ धुताना, माझ्याकडे पाठ करून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुनबाई, रेशनकार्डावर नाव चढवायचं तर काय काय कागद लागतात गो?"